दगड आणखी आण

इंदापूरच्या जुन्या स्मशानात सरदारांच्या दगडी समाध्या आहेत. त्यांवर मोर बसतात. त्यांच्यामागं आम्ही आमची सात दिवसांची लेक पुरली. तान्ह्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बाभळीच्या फांद्या रचतात.

चुलते म्हणाले, "दगड आणखी आण रं."

मला कारखान्यातली पाळी गाठायची होती. "पुरं हाय, आबा," म्हणालो.

तिसऱ्या दिवशी एकटाच गेलो, तर खड्डा रिकामा. तो बुजवला. मग मात्र ढीगभर दगड रचले. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

बायको दरवर्षी तिथं फुलं वाहते. काल तिथंच म्हणाली, "अवो, हितं लहानसा ओटा बांधू या."

"व्हय," म्हणालो आणि दगड आणायला निघालो.