करंजाच्या सालीतले स्फटिक

आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं आली. वडील गावाहून येऊन बारामतीच्या एस.टी. स्टँडवर ती वाटायचे. कधी पाणीवाटपावर, कधी बुवाबाजीवर. मी त्यांवरच वाचायला शिकले. प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानेच संपतं, असा माझा समज होता आणि 'कदाचित' हा शब्द मला भित्रा वाटायचा.

आत्याच्या बोलण्यात मात्र तो दर वाक्याला यायचा. वडिलांची ही धाकटी बहीण बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. मेंढराला खरूज झाली की करंजाचं तेल लावायचं, हे ऐकत ती वाढली. पीएच.डी.साठी तिनं तेच झाड धरलं. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. मी नुकतीच कॉलेजात आले होते आणि तिच्याच खोलीवर राहत होते.

साल आणायला आम्ही नरसिंहपूरच्या अलीकडे नीराकाठी जायचो. तिथं तिच्या चुलत्यांच्या, आबांच्या बांधावर जुना करंज होता.

"पोरी, अजून किती सोलतीस त्येला? पार उघडा पडंल की!"

"थोडीच घेते, आबा. एकाच बाजूची."

"घे, घे. पर तुझं शिक्षण एकदाचं सरू दे. पाव्हणं इचारत्यात, मास्तरीण हाय तर अजून शिकती कशी?"

साल सावलीत वाळवायची, कुटायची, तिचा अर्क काढायचा. मग पांढऱ्या भुकटीनं भरलेल्या उभ्या काचनळीत तो वरून सोडायचा. वरून द्रावक ओतत गेलं की एकच वाटणाऱ्या त्या तपकिरी अर्काचे वेगवेगळे पट्टे होत आणि आपापल्या चालीनं खाली उतरत. नळी कोरडी पडली की भुकटीला भेगा जात आणि सगळं वाया. म्हणून आत्या जेवायलाही उठायची नाही. मी डबा नेला की एका हातानं भाकरी खायची, दुसऱ्या हातानं नळीची तोटी सांभाळायची. सभेत तास तास बोलणारी माणसं मी पाहिली होती. इतकं गप्प राहून झुंजणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

एका पट्ट्यातून सुईसारखे बारीक स्फटिक मिळाले. ते फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींत सापडणाऱ्या एका गटातलं द्रव्य होतं, एवढं नक्की. पण त्याचं वितळायचं तापमान पुस्तकातल्या कुठल्याच नोंदीशी नीट जुळेना. द्रव्य नवं निघालं, तर प्रबंध त्याच वर्षी पुरा होणार होता. नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मी लगेच पत्रक लिहिलं. 'नीराकाठच्या करंजात नवं द्रव्य!'

"कदाचित," आत्या म्हणाली. "पुण्याहून नमुना येऊ दे."

ओळखीचं, सर्वांत जवळचं द्रव्य तिनं पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून मागवलं होतं. विभागातले एक ज्येष्ठ सर हसून म्हणाले, "बाई, नमुना उशिरा आला म्हणायचं आणि नवं म्हणून लिहून टाकायचं. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, सर."

नमुना आला. तोवर पुन्हा शुद्ध केलेले आपले स्फटिक आणि तो तिनं एकत्र खलले, बारीक नळीत भरले आणि तापत्या तेलात थर्मामीटरशेजारी धरले. दोन्ही वेगळे असतील, तर मिश्रण लवकर वितळायला हवं होतं. आम्ही दोघी भिंगातून बघत राहिलो. ते लवकर वितळलं नाही. नमुना एकटा जिथं वितळला होता, बरोबर तिथंच वितळलं. म्हणजे द्रव्य जुनंच. आमच्या स्फटिकांत आधी थोडी अशुद्धी राहिली असणार.

मला रडू आलं. आत्यानं दिवा विझवला, नळ्या धुतल्या. "तेच आहे," म्हणाली. त्या वाक्यात कदाचित नव्हतं. माझ्या कुठल्याही पत्रकात इतकं धीट वाक्य आलेलं नाही.

पुढच्या रविवारी ती मला घेऊन आबांकडे गेली आणि ओट्यावर बसायच्या आधीच सांगून मोकळी झाली. आबांनी तंबाखू मळता मळता विचार केला.

"म्हंजी ह्ये आधीच कुणाला तरी घावलं हुतं?"

"व्हय, आबा."

"आन् त्येंचं आन् आपलं येकच निघालं?"

"एकच."

"मग आपल्या करंजात भेसळ न्हाय म्हणायची!"

आत्या कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. मग पदर खोचून उठली. मी कोयता पुढं केला, तर तिनं तो परत दिला.

"साल नको. या खेपेला पानं नेऊ."

"ने की," आबा म्हणाले. "झाडाला बी जरा इसावा."