थिजलेल्या तेलाचा डबा

डिझेलचा डबा चुलीशेजारी ठेवायची आमच्या घरी जुनीच रीत. थंडीत विहिरीवरचं इंजन हँडल मारून मारून दम काढतं, म्हणून आमचे मालक डिझेल निखाऱ्यापाशी कोमट करूनच रानात न्यायचे. कोणी पाहुणा घाबरला, की पेटती काडी डिझेलात बुडवून विझवून दाखवायचे. त्यामुळं मीही कधी भ्याले नाही.

त्या सकाळी मात्र डबा वेगळा होता. आमच्या थोरल्यानं कुठूनसं प्लास्टिक वितळवून काढलेलं तेल आणलं होतं. "आई, कॅरीबॅगचं हाय, पण इंजनात डिझेलवानीच चालतंय," म्हणाला आन् डेअरीला दूध घालायला गेला. गारठ्यानं ते तेल डालड्यासारखं थिजलेलं. मालकांनी डबा चुलीपाशी सरकवला आणि तंबाखू मळत बसले.

मी भाकरी थापत होते. थोड्या वेळानं वास आला. डिझेलचा नव्हता बरं का. जळक्या पिशवीचा, आणि त्यात पेट्रोल पंपावर येतो तसला उग्र भपकारा.

"अवो, उचला तो डबा."

"कशापायी?"

"वास बगा की! लई वंगाळ येतोय."

"डिझेल कदी असं पेटलंय का? भ्याल्या आमच्या बाईसाहेब!"

"आवो, हे डिझेल न्हाई!"

"बरं बाई, उचलतो. वितळलं का तेवढं बगू दे."

बसल्या जागीच त्यांनी झाकण फिरवलं. फुस्सकन पेट्रोलसारखी वाफ सुटली. पुढचं काय सांगू? निखाऱ्यावरून एक निळी जीभ सरपटत आली आणि डब्याच्या तोंडावर भक्कन जाळ उभा राहिला. मालकांचं तोंड मला त्या जाळापल्याड दिसेना. रांजणावरचं ओलं बारदान ओढलं आणि डब्यावर टाकलं, वरून दोन्ही हातांनी दाबून धरलं. जाळ विझला तरी हात काढायचं धाडस होईना.

मालकांच्या भुवया गेल्या, उजवा हात भाजला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेऊन पट्टी बांधून आणली.

थोरल्यानं त्या तेलाचं नाव पुन्हा काढलं नाही. डबा चुलीपाशी जात नाही. तरी इंजनात तेल ओतण्याआधी मालक बाहेरून हाक देतात, "ये गं, वास घे."

मी घेते. डिझेलच असतं. पण मान हलवून 'हो' म्हणायला अजून जीभ रेटत नाही.