पारूमावशींची झोप

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी मी कुंभारी गावाच्या पुढच्या माळावर, पारध्यांच्या वस्तीत, एका बाईच्या गोळ्या मोजायला गेले होते. हो, मोजायलाच... कारण माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

मी तिकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. पारूमावशी (नाव बदललंय, त्यांना विचारूनच लिहितेय) तीन महिने बीपीच्या गोळ्या नेत होत्या, पण बीपी काही उतरत नव्हतं. डोळे कायम लाल, बोलता बोलता मध्येच डुलकी. मला वाटलं, पीत असणार... आणि गोळ्या फेकून देत असणार.

गेले तर मावशी आपल्या कापडी पालासमोर बसलेल्या. नजर माझ्यावर नव्हतीच, माझ्या मागच्या रस्त्यावर होती.

गोळ्यांचं पाकीट मागितलं, मोजलं... जितक्या उरायला हव्यात तितक्याच होत्या. तरी माझी शंका जाईना. बीपी घ्यायच्या निमित्तानं वाकून तोंडाचा वास येतोय का बघितलं. चुलीच्या धुराचा वास होता, बाकी काही नाही. हे लिहितानाही लाज वाटतेय.

मग विचारलं, घरात कोण कोण असतं? मुलगे कुठं असतात? तसा त्यांचा चेहराच बदलला.

"का वो मॅडम? नावं कुनाला द्यायचीत?"

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि त्या माझ्यावर!

म्हटलं, "कुणालाही नाही मावशी. एवढंच सांगा, रात्री झोप लागते का?" तीन महिन्यांत हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते.

त्यांनी पुन्हा एकदा रस्त्याकडं बघितलं.

"कशी लागंल? गावात कुटं बी चोरी झाली की पोलिसांची गाडी पयली हितं येती. दिवाळीच्या आदी थोरल्याला झोपेतनं उचलून नेला. चार दिसांनी सोडला, काय सापडलं न्हाय म्हनून. तवापास्नं मी जागीच असती. कोनतरी जागं पायजे की."

"आणि दिवसा?"

"दिवसा खुरपायला जाती."

थोडं पडा आता, एवढंच म्हटलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं... जोखल्यासारखं.

"तुमी बसता का हितं? रस्त्याकडं ध्यान ठेवून?"

बसले. दोन मिनिटांत मावशी घोरायला लागल्या.

थोड्या वेळानं लांबून मोटारसायकलचा आवाज आला आणि माझ्याच छातीत धडधडायला लागलं. गावातला एक माणूस होता. गाडी थांबवून म्हणाला, "मॅडम, हितं एकट्याच? पर्स सांभाळा बरं का."

"हळू बोला," मी म्हटलं, "पेशंट झोपलाय." तो माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत निघून गेला.

मावशी पावणेदोन तास झोपल्या. उठल्यावर बीपी घेतलं... थोडंसंच उतरलं होतं. जादू काही झाली नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलंय. वस्तीवरची भीती घालवणारं औषध त्यांच्याकडंही नाही. मी मात्र आता दर मंगळवारी दुपारी तिथं जाऊन बसते, आणि मावशी पडतात.

अनोळखी बाईच्या भरवशावर डोळे मिटायला त्या दिवशी त्यांना किती धीर करावा लागला असेल... त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.