चौकीदाराची खोली

ओल्या चुन्याचा वास आला की जळगावातली आमची कॉलनी आठवते. आसपास कॉलेजं आली, घराघरांवर मजले चढले, खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने गेल्या. तरी मधली बागेसाठी राखीव जागा मोकळीच राहिली होती. एका सकाळी तिथे चुन्याची फक्की मारलेली दिसली. समोरच्या बंगल्यातले कापडाचे व्यापारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, हसून म्हणाले, "बागेला चौकीदार लागेलच ना? त्याची खोली मी बांधून देतो." सगळ्यांनी आभार मानले. आईला मात्र ते हसू पटलं नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती रोज त्या खोदकामाकडे बघत राही. काही दिवसांनी भिंतीलगत संडासाच्या पाइपांची रांगच उभी राहिली, तशी शेजारच्या अक्कांना घेऊन ती थेट तिथे गेली. अक्कांनी भाऊंनाच विचारलं, "चौकीदारनी खोलीले इतला संडास कसाले?" भाऊ गडबडले. "पुढेमागे कॉलेजची पोरं राहिली, तर सोय असावी म्हणून…" ते ऐकताच अक्का खड्ड्याच्या काठावर बसल्या, त्यांच्याशेजारी आई, आणि संध्याकाळपर्यंत अर्धी कॉलनी. शेवटी महापालिकेची माणसं आली आणि पाया बुजवला गेला. भाऊ आईशी पुन्हा कधी बोलले नाहीत. तिनेही त्यांच्या दिवाळीच्या फराळाला हात लावला नाही. आता तिथे झोपाळे आहेत. माहेरी गेले की मुलीला घेऊन जाते, आणि कोणी टेप धरून जमीन मोजताना दिसला की झोका थांबवून विचारते, "काय मोजताय?" नीट उत्तर मिळेपर्यंत मी तिथून हलत नाही.