मांडवात बोलावलेला बाप

त्या गाण्यात एका मेलेल्या माणसाचं नाव अकरा वेळा येतं. मी मोजलं आहे. नाव दोन अक्षरी आहे आणि ढोलाच्या ठोक्यावर नेमकं बसतं, म्हणून संगीत जुळवणाऱ्याने ते पुन्हा पुन्हा घेतलं. पनवेलपासून उरणपर्यंत कुठेही हळदीला ते गाणं लागलं की माणसं हात वर करून ते नाव ओरडतात. हे नाव कुणाचं, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नाही. एखाद्या देवाचं असेल असं त्यांना वाटतं. तो देव नव्हता. तो गव्हाणचा एक माणूस होता, उरण रस्त्यावर डंपरखाली गेला, आणि ज्या मुलीने ते गाणं म्हटलं तिचा तो बाप होता.

हे घडलं त्यात माझाही हात आहे, म्हणून ते क्रमाने लिहिते.

मुलगी पनवेलच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. मी एका दैनिकाच्या स्थानिक कचेरीत होते. माझ्या दंडाला पट्टा बांधताना ती काहीतरी गुणगुणत होती. काय गातेस, असं मी विचारलं.

"धवला," ती म्हणाली. "मूठ वळा."

"म्हणजे काय?"

"आमच्याकडं लग्नं लावतात ना, ती गाणी. भटजी नंतर येतो. आधी धवलारीण लावते. सोडा आता मूठ."

"तू धवलारीण आहेस?"

"नाय ओ! मावशी हाय. मी तिच्या डाव्या हाताला बसते." सुई बाहेर काढून तिने कापूस दाबला. "रविवारी या गव्हाणला. पण जेवून जायचं, नायतर मावशी मलाच बोलंल."

मी गेले. तिची थोरली मावशी पासष्टीच्या पुढची, अंगाने किरकोळ, कासोटा घातलेली. मांडवात पाट मांडला, दिवा लावला आणि तिने आधी लग्नघरातल्या सर्वांत वडील माणसाला पुढे बोलावलं. गाणं सुरू करण्याआधी ती त्याला नावं विचारते. घरातली मेलेली माणसं कोण कोण, कुठल्या गावची, कोण आधी गेलं, कोण नंतर. म्हातारा आठवून आठवून सांगत होता. एक नाव विसरला, तर मागून त्याची बहीण ओरडली, "आरं, तुज्या आत्याला कुटं ठेवलीस?" सगळ्या बायका हसल्या. आत्याचंही नाव यादीत गेलं.

मग मावशी गायला लागली. आधी गावच्या देवाला आवतण, मग एकेका मेलेल्या माणसाला नाव घेऊन. ये, पाटावर बस, नातवाचं लग्न हाय. मावशी एक ओळ म्हणायची, मुलगी तीच ओळ मागून म्हणायची. कागद नव्हता, वही नव्हती. ही मुलगी आठव्या वर्षापासून त्या डाव्या बाजूच्या जागेवर बसत आली होती.

लग्न लागल्यावर दुसऱ्या दिवशी हेच सगळं उलटं होतं. ज्यांना बोलावलं त्यांना त्याच क्रमाने, नाव घेऊन परत धाडायचं. तोवर धवलारीण त्या घरातून हलत नाही. मी कारण विचारलं, तेव्हा मावशीने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

"पावना घरी आणलाव, तर त्याला वाटंला लावायला नको? तुमच्यात काय करतात बाय?"

मी तिचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

मी लेख लिहिला. चांगला लिहिला, असं तेव्हा वाटलं. मुलीचा फोटो मोठा गेला, मावशी त्यात अर्धी कापली गेली. बोलावण्याचं गाणं ऐकून अंगावर काटा येतो, असं मी लिहिलं होतं. हे वाक्य माझं आहे, आणि पुढे जे झालं ते या वाक्यापासून सुरू झालं. कारण आठवड्याभरात एका म्युझिक कंपनीचा माणूस लेखाचं कात्रण घेऊन लॅबमध्ये आला आणि म्हणाला, तुमचं ते काटा येणारं गाणं पाहिजे.

मुलीला गायचं होतं. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण नंतर गावात तिला हावरी ठरवलं गेलं. तेवीस वर्षांची मुलगी, आवाज उत्तम, दिवसभर लोकांच्या नसा शोधते. कुणीतरी तिला म्हणालं, गा. तिने हो म्हटलं. मावशीला विचारलं नाही, कारण मावशी काय म्हणेल ते तिला माहीत होतं.

स्टुडिओत ती अडली. बोलावण्याचं गाणं नावांशिवाय पुढे सरकतच नाही. देवापर्यंत ओळ येते, मग नाव लागतं. नाव नसेल तर ओळ तिथेच थांबते. कंपनीच्या माणसाने सुचवलं, कुठलंही टाका, राम टाका, शाम टाका. तिला ते जमलं नाही. खोटं नाव घेऊन कुणाला बोलावणार? इतक्या वर्षांच्या सवयीत खोट्या नावाला जागाच नव्हती. मग तिने आपल्या घरची नावं घेतली. आजा, आजी, आणि शेवटी बाप. दुसऱ्या कुणी कुठलंही नाव घेतलं असतं आणि घरी गेली असती. ही चूक फक्त तिच्या हातून होऊ शकत होती, कारण तिला गाणं नीट येत होतं.

परत धाडायचं गाणंही तिने म्हटलं. ते त्यांनी ठेवलं नाही. हळू आहे, म्हणाले.

तिला वाटलं होतं, मांडवातल्यासारखंच वाजेल. महिन्याभराने गाणं आलं तेव्हा त्यात आजा नव्हता, आजी नव्हती. बाप होता. दोन अक्षरं, ढोल, पुन्हा तीच दोन अक्षरं. व्हिडिओत होडी होती, खोटे दागिने घातलेल्या बारा मुली होत्या आणि पार्श्वभूमीला खाडी म्हणून कुठलातरी तलाव. वर्णनात लिहिलं होतं, आगरी मातीचा अस्सल सूर.

गाणं चाललं. खारघरमध्ये बेलपाड्याच्या जवळ राहणाऱ्या माझ्या एका परिचित बाईंनी मला फोन करून सांगितलं, सोसायटीच्या मंगळागौरीत आम्ही त्यावर डान्स बसवलाय, किती ऑथेंटिक आहे ना! मी त्यांना ते नाव कुणाचं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई. पण आता स्टेप्स बसल्यात." त्या वाईट बाई नाहीत. मला त्यांचा राग आजही आहे.

मुलीच्या आईने हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते जावेच्या घरी, हळदीला. नवऱ्याचं नाव स्पीकरमधून येतंय आणि पोरं खांद्यावर खांदे टाकून ते ओरडतायत. ती उठून घरी गेली. त्यानंतर बरेच महिने ती कुठल्याही लग्नाला गेली नाही. लेकीला तिने शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली:

"सात वरसं झाली तो गेला त्याला. आता त्याला रोज कुनाकुनाच्या दारात उभा करतंस तू. आन त्याला घरी."

मावशीने मुलीशी बोलणं बंद केलं आणि डाव्या बाजूला दुसरीला बसवलं.

मुलीने कंपनीकडे एकच मागणी केली. नाव काढा, बाकी सगळं ठेवा. मी तिच्याबरोबर गेले. ऑफिस कळंबोलीच्या बाजूला, एसी जोरात, भिंतीवर वारली चित्रं. तो माणूस तरुण होता, नम्र होता, त्याने चहा मागवला.

"मॅडम, नावच तर हुक आहे, लोकांच्या तोंडात तेच बसतं," तो मला म्हणाला. मुलीकडे त्याने पाहिलंच नाही. "ते काढलं तर उरतं काय?"

"ते तिच्या वडिलांचं नाव आहे."

"हो, मग छानच ना. ट्रिब्यूट होतं."

मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "दादा, तुमच्या बाबांचं नाव काय?"

त्याने नाव सांगितलं. चार अक्षरी होतं.

"ते घाला."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग करार काढून दाखवला, त्यात बदलाचा अधिकार कुणाचा ते लिहिलं होतं, खाली तिची सही. निघताना त्याने तिला विचारलं, पुढच्या महिन्यात एक मोठा इव्हेंट आहे, येणार का? ती नाही म्हणाली. त्या इव्हेंटमध्ये दुसऱ्या एका मुलीने नऊवारी नेसून हिच्या आवाजावर ओठ हलवले. लोकांनी तिलाच गायिका समजून हार घातले.

मी दुसरी बातमी लिहिली. तारीख, ठिकाण, दोन्ही बाजू. कंपनीची बाजूही मांडली, तेच आम्हाला शिकवलेलं होतं. छापील अंकात ती आतल्या पानावर एका कोपऱ्यात आली. वेबसाइटवर मात्र वर आली, कारण डेस्कवरच्या कुणीतरी मजकुराच्या मधोमध ते गाणंच लावलं होतं, वर शीर्षक, 'ऐका ते गाणं ज्यावरून वाद पेटला'. बातमी उघडली की आपोआप वाजायला लागायचं. मुलीने मला फोन केला. फोनमध्ये मागे ते गाणं वाजत होतं, माझ्या बातमीतून.

मी डेस्कवर भांडले. व्ह्यूज चांगले येतायत, म्हणाले. दोन दिवसांनी काढू. काढलं नाही.

त्यानंतर रोडपालीतलं लग्न आलं. मुलीच्या चुलत मामाच्या घरचं, कॉलनीच्या मैदानात शामियाना, सकाळी दहाची वेळ. मुलगी आली होती ती आईला घेऊन, बऱ्याच विनवण्यांनंतर. मावशी पाटासमोर बसली होती, दिवा लावत होती, तेवढ्यात शामियान्याच्या दुसऱ्या टोकाला डीजेवाल्याने आवाज तपासायला म्हणून तेच गाणं लावलं. नाव आलं. पुन्हा आलं. आई उठायला लागली.

मावशीने तिच्याकडे पाहिलं. "बस," म्हणाली. "कुटं पलतंस? त्याला बलावलंय हितं, तुला दिसतं नाय काय?"

मग तिने नेहमीप्रमाणे घरच्या वडील माणसाला नावं विचारली, आणि त्याच्या आज्यापासून सगळ्यांना गाऊन आणलं. डीजे तोवर कुणीतरी बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी परत धाडायची वेळ झाली. डाव्या बाजूला नवी मुलगी होती. मावशीने तिला हाताने बाजूला सरकवलं आणि मान न वळवता म्हणाली, "ये गो."

मुलगी येऊन बसली. मावशीने घरची नावं एकेक करून वाटेला लावली. ती संपल्यावरही ती थांबली नाही. पुढची ओळ घेतली, त्यात गव्हाण आलं आणि ती दोन अक्षरं आली, सावकाश, ढोलाशिवाय.

घरचा म्हातारा चपापला. "ए, आक्का! ह्यो आमच्यातला नाय."

"तुमच्या मांडवात बलावलाव ना काल? कर्णा लावून?"

"ते डीजेवाल्यानं लावलं."

"डीजेवाला धाडील काय त्याला परत? नाय ना? मंग गप बस."

मावशी थांबली होती, कारण तीच ओळ मागून मुलीने म्हणायची होती. ती म्हटल्याशिवाय गाणं पुढे जात नाही. मुलगी आईकडे बघत राहिली. आई समोर बसली होती, पदर दातात धरून. मावशीने ओळ पुन्हा म्हटली, जशी ती आठ वर्षांच्या पोरीला म्हणून दाखवत असेल तशी. मग मुलीने ती म्हटली. नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, जा म्हटलं.

तेव्हापासून मावशी ज्या मांडवात बसते तिथे आधी विचारते, ते गाणं लावलाव काय? लावलं असेल, तर शेवटी त्या घरच्या मेलेल्यांनंतर गव्हाणच्या त्या माणसालाही वाटेला लावते. यजमान कुरकुरतात. काहींनी तिला बोलावणं सोडलं आहे, डीजे स्वस्त पडतो आणि कुणाला परत धाडत नाही. डाव्या बाजूला आता पुन्हा तीच मुलगी असते. लॅबमधून अर्धी रजा घेऊन येते.

पण मावशी एक आहे आणि लग्नं रोज आहेत. हे लिहिताना समोरच्या हॉलमधून तेच गाणं येतंय, आणि त्या हॉलात धवलारीण बोलावलेली नाही. मी खिडकी लावून घेतली आहे. तरी ठोका ऐकू येतो, आणि कुठल्या ठोक्यावर ते नाव आहे हे मला माहीत आहे.