आईला चालेल अशी फाइल

कोडपासून चालती फाइल बनवणाऱ्या कंपाइलरच्या ओळी पडद्यावर सरकत होत्या आणि मी खुर्चीत मान टाकून त्या नुसत्या बघत होतो. पक्षाघातानंतर आईची वाचा गेली, म्हणून तिच्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. चित्राला बोट लावलं की लॅपटॉप तो शब्द बोलणार. ऑफिसात वापरतो त्याच फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत लिहिला, कारण मला तीच नीट येते. माझ्या कॉम्प्युटरवर तो छान चालायचा. घरातल्या जुन्या टचस्क्रीन लॅपटॉपवर चालेल अशी फाइल मात्र काही केल्या तयार होईना. कधी आयत्या कोडची एखादी लायब्ररी सापडायची नाही, कधी माहितीचे प्रकार, म्हणजे टाइप, जुळत नाहीत म्हणून कंपाइलर अडून बसायचा.

आई पलंगावरून माझ्याकडे बघत होती. प्रोग्रामचं सगळं लिहून झालेलं असतं, अर्थही पुरा असतो, पण ते चालतं होईपर्यंत कुणाला काहीच ऐकू येत नाही. तिच्या मनातही असंच सगळं तयार असेल, या विचाराने मी आणखीच थकलो.

संध्याकाळी एकदाची फाइल झाली. मी लॅपटॉप तिच्यापुढे धरला.

"आई, सांग बघू. चहा हवाय की पाणी?"

तिचं बोट बराच वेळ चित्रांवरून फिरलं आणि उशीच्या चित्रावर टेकलं.

"झोप," लॅपटॉप म्हणाला.

"झोप आलीय तुला?"

तिने मानेनेच नाही म्हटलं आणि तेच बोट माझ्याकडे वळवलं.