पाचव्या मजल्यावरची रेनडियरवाली

आखातातल्या फिंतासच्या आमच्या बिल्डिंगमधल्या पाचव्या मजल्यावरच्या वहिनी एकदा नॉर्वेला जाऊन दिवसभर रेनडियरच्या गाडीतून बर्फात हिंडल्या, त्या अजून परत आल्याच नाहीत म्हणा ना. बाहेर पन्नास डिग्री, आणि ह्या एसी फुल्ल सोडून लोकरीची टोपी घालून भाजी निवडणार. काहीही बोला, "अगं, तिकडचे रेनडियर पाळणारे सामी लोक बघ," असंच सुरू.

मी लिफ्टला भिते, जिनाच चढते. एका शुक्रवारी त्यांनी हात धरून आत ओढलं. "मी रेनडियरला नाही घाबरले, तू लिफ्टला काय घाबरतेस!"

आणि लाईट गेली. काळोख, उकाडा, कडेवरची आठ महिन्यांची चिमी रडून रडून श्वास धरायला लागली, मला वाटलं गेली माझी पोर, मी दारच बडवत सुटले.

"बडवू नकोस, खालचा हारिस, आपला वॉचमन, येतोय उघडायला. सामी लोकांत प्रत्येकाचं आपलं गाणं असतं, शब्दबिब्द नाहीत, नुसता सूर. हे चिमीचं." आणि भसाड्या आवाजात, "लोऽ लोऽ लुऽऽ!"

चिमी गप्प. मग खुदकन हसली. हारिसनं दार उघडलं तरी वहिनींचं चालूच.

त्यांच्या घरी पाणी पिताना मी म्हटलं, "वहिनी, माझं पण करा ना."

"तुझं केव्हाच केलंय. जिन्यात तुझी धाप ऐकू आली की आम्ही म्हणतो. हाऽ हूऽ हाऽ हूऽऽ!"

आतून त्यांच्या मिस्टरांनीही सूर लावला. मग मीही लावला, माझंच तर होतं.